कडेवरचं बाळ आणि शाळेचं अंदाजपत्रक
(मुंबईतील मरोळ येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांची हयात पालिकेच्या शाळेत शिकवण्यात गेली. त्यामुळे विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरी, ट्रंकेत नाहीतर प्लास्टिकच्या फाइलमध्ये, शाळा सोडल्याचा दाखला असतो. त्यावरची जन्मतारीख आणि जात आपण शंभरदा वाचलेली असते. त्याच कागदावर खाली 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना आहे, तिकडे कोणी बघत नाही. बघितलं तर तिथे बहुधा दोनच शब्द सापडतील, 'पालकांच्या विनंतीवरून'. बदली झालेल्या साहेबाच्या मुलाच्या दाखल्यावर हेच शब्द असतात आणि सातवीत घरी बसवलेल्या मुलीच्या दाखल्यावरही हेच. त्या मुलीच्या बाबतीत तर दाखला न्यायलाही पुष्कळदा कोणी येत नाही. दोन महिने गैरहजर, तीन महिने गैरहजर, मग पटावरून नाव कमी.

खरं कारण त्या रकान्यात मावत नाही, कारण ते आठ महिन्यांचं असतं, दात येत असल्यामुळे किरकिरत असतं आणि आई कामावर गेल्यावर ते मोठ्या बहिणीच्या कडेवर असतं. आज मला या बाळाविषयी बोलायचं आहे. शाळेच्या अंदाजपत्रकाशी त्याचा काय संबंध, असं कोणाला वाटत असेल तर माझं सगळं व्याख्यान त्या एका शंकेचं उत्तर आहे.

सुरुवात आपल्या मरोळपासूनच करू. सीप्झ हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झालं 1973 साली. त्याच्या आगेमागे मरोळची औद्योगिक वसाहत भरत गेली. जुनं गावठाण, चर्च, सुक्या मासळीचा बाजार आणि मिठी नदीचा काठ हे सगळं जागच्या जागी राहिलं, पण भोवती कामाचं एक मोठं जाळं उभं राहिलं. हिऱ्यांचे आणि दागिन्यांचे कारखाने, कपडे शिवणारे गाळे, पॅकिंगची कामं, विमानतळाची साफसफाई, हॉटेलांचं धुणं, टॉवरांमधली घरकामं. सकाळी सातनंतर मरोळ नाक्यावर किंवा मिलिटरी रोडच्या तोंडाशी उभं राहिलं की डब्याच्या पिशव्या घेतलेल्या बायकांचे थवेच्या थवे दिसतात. या बायकांची तान्ही मुलं त्या वेळी कुठे असतात, हा साधा प्रश्न. काहींची गावाहून आलेल्या आजीकडे. काहींची चाळीतल्या एखाद्या मावशीकडे, महिन्याचे पैसे मोजून सांभाळायला ठेवलेली. आणि ज्यांना हे दोन्ही जमत नाही त्यांची थोरल्या मुलीकडे.

पालिकेच्या शाळा बहुतेक दोन सत्रांत चालतात. साडेबाराच्या सुमारास सकाळचं सत्र सुटतं आणि दुपारचं भरतं. तेव्हा एखाद्या शाळेच्या फाटकापाशी नुसतं उभं राहून बघा. दुपारच्या सत्राची एक मुलगी गणवेशात, वेणी घालून, पाठीवर दप्तर आणि कडेवर बाळ अशी उभी असते. ती सकाळच्या सत्रातल्या बहिणीची वाट बघते आहे. बहीण बाहेर आली की बाळ हिच्या कडेवरून तिच्या कडेवर जातं, दुधाची बाटली आणि एक दुपटं जातं आणि ही आत पळते. सकाळचा वर्ग दहा मिनिटं उशिरा सुटला की हिची प्रार्थना बुडते आणि पहिल्या तासाचं गणितही बुडतं. बाळाला ताप आला की दोघींपैकी एकीची शाळा आठवडाभर बुडते. ती कोणाची बुडणार हे घरात न बोलताच ठरलेलं असतं. जिला अभ्यास कमी जमतो असं घरातल्यांना वाटतं तिची. आणि एकदा बुडायला लागल्यावर तिला अभ्यास आणखीच कमी जमतो.

शाळा सुटते ती अशी. कोणी एके दिवशी उठून मुलीची शाळा बंद करत नाही. तुकड्यातुकड्यानं सुटत जाते आणि मग एक दिवस सगळ्यांच्या लक्षात येतं की ती सुटलीच आहे.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची 75वी फेरी 2017-18 मध्ये झाली. त्यात शिक्षण सोडलेल्या मुलींच्या कारणांमध्ये घरकाम सर्वांत वर निघालं, सुमारे 30 टक्के. मुलांमध्ये वरचं कारण कमाईचं काम होतं. म्हणजे मुलगा पैसे आणायला जातो म्हणून शाळा सोडतो, आणि मुलगी आईला पैसे आणायला जाता यावं म्हणून. दुसऱ्या कामाला आपण बालमजुरी म्हणत नाही. घरातलंच काम, त्यात काय एवढं, असं म्हणतो.

आता कायद्याकडे वळते. पाळणाघराची कल्पना आपल्या कायद्याला नवी नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमानं तीसहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर काढण्याची जबाबदारी मालकावर टाकली. 1951 मध्ये मळ्यांसाठी, 1996 मध्ये बांधकाम मजुरांसाठी कायदे झाले, त्यांतही पाळणाघर होतं. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायदा दुरुस्त झाला आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. वाचायला सगळं छान आहे. पण मरोळच्या वसाहतीतल्या एका गाळ्यात शिलाई मशीनवर किती बायका बसतात? दहा-बारा. भेंडी बाजारातून आणलेले मणी घरी बसून ओवणाऱ्या बाईचा मालक कोण? चार घरची भांडी घासणाऱ्या बाईच्या चार मालकिणींपैकी पाळणा कोणी टांगायचा? सुकट-बोंबलाची पाटी लावणारीला तर मालकच नाही. पाळणा मालकाच्या दारात टांगायचा हे या सगळ्या कायद्यांचं गृहीत आहे आणि ते मोठ्या कारखान्यांच्या काळातलं आहे. मुंबईतली कापडगिरणी गेली, तिच्याबरोबर ते गृहीतही गेलं. तरतुदी तेवढ्या राहिल्या.

मग कोणी म्हणेल, अंगणवाडी आहे की. आहे. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आज अंगणवाडी नाही असं गाव सापडणं कठीण. अंगणवाडीच्या ताईंनी या देशाची मुलं जगवली, हे मी कृतज्ञतेनं म्हणते. पण ही योजना कशी चालते ते नीट बघा. तीन ते सहा वर्षांचं मूल सकाळी अंगणवाडीत येतं, गाणी म्हणतं, गरम खाऊ खातं आणि दुपारच्या आत घरी जातं. तीन वर्षांखालच्या मुलासाठी घरी न्यायचा आहार मिळतो, वजन होतं, लस टोचली जाते. पण ते मूल दिवसभर ठेवून घेणं हे अंगणवाडीचं काम कधीच नव्हतं. मुंबईत भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत ते शक्यही नाही. म्हणजे जे मूल घरात सर्वांत जास्त माणूस अडकवून ठेवतं, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचं, त्याच्या वाट्याला सरकारकडून पाकीट येतं. त्याला कडेवर घ्यायला मात्र कोणीही येत नाही.

बाळ सांभाळण्याची सोय आणि शाळा या दोन गोष्टी एकत्र बघण्याची अक्कल आपल्याला परदेशातून आणावी लागत नाही. ती महाराष्ट्रात होती आणि ती कशी आली हे पाहण्याजोगं आहे.

1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही त्यातली मागणी आपल्याला पाठ आहे. त्याच निवेदनात त्यांनी आणखी एक व्यवहारी गोष्ट मांडली होती. शेतकऱ्यांची आणि गरिबांची मुलं शाळेत येत नाहीत, कारण गुरं राखायला आणि शेत सांभाळायला ती घरी लागतात. म्हणून नुसती शाळा उघडून भागणार नाही, शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं देऊन त्यांना खेचून आणावं लागेल. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. मूल शाळेत येत नाही याचा दोष त्यांनी पालकांच्या अडाणीपणाला दिला नाही. मुलाच्या श्रमाची घराला किंमत आहे आणि शाळेला ती किंमत भरून द्यावी लागेल, असा तो रोखठोक हिशेब होता.

पुढची गोष्ट तिथून सुमारे साठ वर्षांनी, ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघरमध्ये घडली. ताराबाई मोडक दादरच्या शिशुविहारात शिकलेल्या घरांतल्या मुलांना उत्तम बालशिक्षण देत होत्या. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. लहानपणी लग्न आणि लगेच वैधव्य आलेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई. शहरातली मांडणी बोर्डीत चालेना. मुलं शाळेत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. मग 1957 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर हललं, वारली पाड्यांमध्ये. तिथे अडचण आणखी वेगळी होती. थोरली पोरं एकतर गुरांमागे जात, नाहीतर धाकटी भावंडं सांभाळत. आई-बाप शेतावर किंवा जंगलात.

ताराबाई-अनुताईंनी यावर काय केलं? गुरं राखणाऱ्यांसाठी शाळाच कुरणात नेली, तीच कुरणशाळा. आणि भावंडं सांभाळणाऱ्यांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. या मांडणीला नाव दिलं विकासवाडी. बहीण येताना बाळाला घेऊन येई. बाळ पाळणाघरात, मधलं बालवाडीत, ती स्वतः वर्गात. मधल्या सुट्टीत तिघं एकमेकांना दिसत. फुल्यांनी मांडलेल्या हिशेबाचं हे चोख उत्तर होतं. पाळणाघर शाळेच्या शेजारी नव्हतं, ते शाळेचाच एक वर्ग होता, सर्वांत खालचा.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री. अंगणवाडी देशभर गेली. मात्र त्यातला अर्धाच भाग गेला. अंगण गेलं, पाळणा कोसबाडलाच राहिला. सन्मान करून मूळ गोष्ट बाजूला ठेवणं ही कला आपल्याला चांगली अवगत आहे.

तरी कागदावर पाळणा पोचला होता, हेही सांगायला हवं. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्वच्छ म्हटलं आहे की, प्राथमिक शिक्षण सार्वत्रिक व्हावं म्हणून आणि भावंडं सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत येता यावं म्हणून पाळणाघरांची आधारसेवा द्यावी. हे शिक्षणाचं धोरण होतं, महिला कल्याणाचं नव्हे. त्याला आता चाळीस वर्षं होत आली. मधल्या काळात पाळणाघरांच्या केंद्रीय योजनेला 2006 मध्ये राजीव गांधींचं नाव मिळालं, 2017 मध्ये ती राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली, 2022 मध्ये 'मिशन शक्ती'खाली 'पाळणा' झाली. आता तिच्यात देशभर 17,000 अंगणवाडी-नि-पाळणाघरांचं उद्दिष्ट आहे. देशात अंगणवाड्या तेरा लाखांहून अधिक आहेत हे लक्षात घेतलं की हे उद्दिष्ट केवढंसं आहे ते कळतं. आणि प्रत्येक वेळी योजना राहिली महिला व बालविकास खात्याकडे. नोकरी करणारी आई हा तिचा विषय. शाळेत जाणारी बहीण त्या खात्याची नाही, कारण ती शिक्षण खात्याची. बाळ शिक्षण खात्याचं नाही, कारण ते सहा वर्षांखालचं. दोघं एकाच खोलीत झोपतात, पण त्यांच्या फायली वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत.

महाराष्ट्रानं या मुलीसाठी काहीच केलं नाही असं नाही. जानेवारी 1992 मध्ये, सावित्रीबाईंच्या जयंतीला, दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू झाला. दिवसाला एक रुपया. हजर राहाल तितके रुपये. विचार फुल्यांचाच, मुलीच्या वेळेची किंमत मोजायची. पण किंमत काय ठरवली? त्या वेळीसुद्धा एका रुपयात बाळ सांभाळणारी बाई मिळत नव्हती. पुढे महागाई कुठच्या कुठे गेली आणि रुपया तिथेच राहिला. शिवाय भत्ता चौथीपर्यंत. मुलीची शाळा सुटते ती पाचवीनंतर, जेव्हा तिचे हात बाळ पेलण्याइतके मोठे होतात. घराला त्या मुलीचे सात तास मोकळे करून हवे होते, आपण त्यांना एक रुपया देऊन बघितला.

उलट, जिथे आपण नेमकी अडचण ओळखली तिथे फरक पडला. अंतर ही अडचण आहे हे मान्य केलं, म्हणून अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळाला. भूक ही अडचण आहे हे मान्य केलं, म्हणून खिचडी आली. खिचडीच्या वेळचं आठवा. शाळा आहे की खानावळ, मास्तरांनी शिकवायचं की तांदूळ मोजायचा, असं किती बोललं गेलं. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला आणि आज दुपारच्या जेवणाशिवाय सरकारी शाळेची कल्पना कोणी करत नाही. मुंबई पालिका तर आपल्या विद्यार्थ्यांना दप्तर, बूट, छत्रीपासून 27 वस्तू मोफत देते. छत्री देताना कोणी विचारत नाही की पावसाचा शिक्षणाशी संबंध काय. पाऊस आला की मूल घरी राहतं, हे सगळ्यांना दिसतं. बाळ रडलं की मुलगी घरी राहते, हेही दिसतं. फक्त तो रस्त्यावरचा पाऊस नसून घरातली गोष्ट आहे, म्हणून आपण दार लोटून घेतो.

आता जरा अवघड भागाकडे येते. आतापर्यंत कडेवर भावंड होतं. काही मुलींच्या कडेवर स्वतःचंच बाळ असतं. सभेत हे बोलायला आपण कचरतो, पण आकडे कचरत नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचात एक. ऊसतोडीच्या जिल्ह्यांत चित्र याहून वाईट आहे आणि तिथून मुंबईला आलेली कुटुंबं मरोळच्या डोंगराळ वस्त्यांतही राहतात. अशा मुलीचं शाळेत काय होतं? कोणी तिला हाकलत नाही. ती यायची थांबते आणि कोणी बोलवायला जात नाही. बालविवाह गुन्हा आहे, तो गुन्हाच असला पाहिजे. पण त्या भीतीनं घर मुलीला लपवतं आणि शाळाही डोळे मिटते. तिच्यासाठी राज्यानं एक वाट ठेवली आहे, 17 नंबरचा फॉर्म. घरी बसून अभ्यास करा आणि खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसा. त्या फॉर्मनं हजारो बायकांना दहावी दिली, त्याची थट्टा मी करणार नाही. पण त्याचा अर्थ असा की परीक्षेचं दार उघडं आहे आणि वर्गाचं बंद.

विद्यापीठात मात्र वेगळा न्याय आहे. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीला विद्यापीठ अनुदान आयोगानं 2016 मध्ये 240 दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा दिली. चांगलंच केलं. बावीस-पंचविशीच्या संशोधिकेला बाळ होऊ शकतं हे आपल्याला पटतं, आणि सोळाव्या वर्षी ज्या मुलीवर ते लादलं गेलं तिचं नाव आपण कमी करतो.

जगात याची उत्तरं शोधली गेली आहेत. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांमध्ये 1982 पासून विद्यार्थिनींच्या बाळांसाठी मोफत पाळणाघरं चालवली गेली, शाळेच्या इमारतीत, शिक्षण खात्याच्या पैशातून. न्यूझीलंडमध्ये पोरिरुआला 1994 मध्ये तरुण मातांसाठी शाळा निघाली, पाळणाघर तिला लागूनच, आणि पुढे तशा शाळा देशभर झाल्या. त्यांची परिस्थिती वेगळी, आपली वेगळी, हे मला मान्य आहे. पण शाळेच्या पैशातून पाळणा हलवला तर काही आभाळ कोसळत नाही, इतकं तरी त्यावरून कळतं.

पैशाचं बोलते, कारण शेवटी सगळं तिथे येऊन अडतं. माझा हिशेब ढोबळ आहे, तुम्ही घरी जाऊन दुरुस्त करा. पंचवीस बाळांचं एक पाळणाघर. तीन बायका, प्रत्येकीला महिना 18,000 रुपये धरले तर वर्षाला साडेसहा लाख. बाळांच्या खाण्याचे रोज 25 रुपये धरले तर दोन लाखांच्या आत. सतरंज्या, झोळ्या, औषधं, डागडुजी मिळून दीड लाख. एकूण दहा लाख. शंभर शाळांत केलं तर दहा कोटी. मुंबई पालिकेचं शिक्षणाचं अंदाजपत्रक गेली काही वर्षं तीन हजार कोटींच्या वर आहे. म्हणजे शंभर रुपयांत तेहतीस पैसे. जागेचा प्रश्न मुंबईत सर्वांत महाग, पण इथे तोच सर्वांत स्वस्त आहे. मराठी माध्यमाचे वर्ग ओस पडत चालले आहेत, हे आपण दरवर्षी हळहळत वाचतो. त्या खोल्यांत खालच्या मजल्यावर, नळाजवळ, एक पाळणाघर बसतं.

आणि हा खर्च पालिकेनं दयेपोटी करायचा नाही. 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्यानं प्राथमिक शिक्षण हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य ठरवलं. शिक्षण हक्क कायद्याच्या 9व्या कलमानं स्थानिक प्राधिकरणावर आपल्या हद्दीतल्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं पाहण्याची जबाबदारी टाकली आहे. प्रवेश देऊन सुटका नाही, हजेरीही पालिकेचीच. त्याच कायद्याचं 11वं कलम तीन ते सहाच्या मुलांसाठी शासनाला नुसती मुभा देऊन थांबतं आणि तीनखालच्यांचा तर ते वेगळा उल्लेखही करत नाही. म्हणून मी बाळाच्या हक्कानं पाळणाघर मागत नाही, तसं मागितलं तर फाईल पुन्हा दुसऱ्या मजल्यावर जाईल. मी ते सहावीतल्या मुलीच्या हजेरीसाठी मागते. ती हजेरी 9व्या कलमात आहे.

आक्षेप मला ठाऊक आहेत. शिक्षक म्हणतील, निवडणूक आमच्या गळ्यात, जनगणना आमच्या गळ्यात, आता बाळंही? अजिबात नाही. पाळणाघराला वेगळ्या, प्रशिक्षित बायका हव्यात आणि त्यांना मानधनाच्या नावाखाली राबवून न घेता पगार द्यायला हवा. 2023 च्या डिसेंबरपासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या, तो अनुभव ताजा आहे. त्यांच्याच पाठीवर आणखी एक ओझं टाकून ही योजना उभी राहणार नाही. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. शाळेत पाळणा आला की बाळ सांभाळणं हे मुलीचंच काम, असं आपणच मान्य केल्यासारखं होत नाही का? होऊ शकतं. काही प्रेमळ शिक्षिका आजही मुलीला बाळासकट मागच्या बाकावर बसू देतात. त्यांचं मन मोठं आहे, पण त्या मुलीचं लक्ष फळ्यावर असतं की बाळाच्या तोंडातल्या खडूवर, हे वेगळं सांगायला नको. म्हणून एक नियम लिहून ठेवायला लागेल, की बाळ कितीही रडलं तरी कोणत्याही विद्यार्थिनीला वर्गातून उठवून पाळणाघरात बोलवायचं नाही. हा नियम नसेल तर सहा महिन्यांत त्या पाळणाघराची बिनपगारी मदतनीस सातवी 'ब' मधली मुलगी झालेली असेल. आणि बाळाला सोडायला-न्यायला बाप आला तर उत्तम. शाळेचं फाटक त्यालाही माहीत असलेलं बरं.

वेळेचंही बघावं लागेल. पाळणाघर शाळेच्या आधी अर्धा तास उघडलं पाहिजे आणि दोन्ही सत्रं संपेपर्यंत चाललं पाहिजे. परीक्षेच्या काळात बंद आणि मे महिन्यात बंद, असं ठेवलं तर आईला दुसरी सोय बघावीच लागेल, आणि दुसरी सोय म्हणजे पुन्हा थोरली मुलगी. मुंबईत 1972 पासून बांधकामांच्या जागी पाळणाघरं चालवणाऱ्या मोबाइल क्रेश या संस्थेच्या कामातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. त्यांनी तान्ह्यांना सांभाळलं आणि थोरल्यांना पालिकेच्या शाळेत घातलं, कारण एक केल्याशिवाय दुसरं होत नाही हे त्यांना कामाच्या जागीच कळलं. संस्थांनी वाट दाखवली. पण संस्थेची देणगी आटली की पाळणा थांबतो. शाळा थांबत नाही. म्हणून पैसा शाळेच्या अंदाजपत्रकातून यायला हवा आणि त्याला स्वतःचं लेखाशीर्ष हवं.

आता काम तुमचं. शिक्षण हक्क कायद्याच्या 21व्या कलमानुसार सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. 22व्या कलमानुसार पालिकेच्या शाळेत ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते आणि अनुदान त्या आराखड्याच्या आधारे मागितलं जातं. बहुतेक शाळांत हा आराखडा मुख्याध्यापक लिहितात आणि समिती सही करते. या सभागृहात ज्यांची मुलं किंवा नातवंडं मरोळच्या पालिका शाळांत आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला जावं. आपल्या शाळेतल्या किती मुली घरी बाळ सांभाळण्यासाठी गैरहजर राहतात, हे मुख्याध्यापकांना विचारावं, मोजायला लावावं आणि ती संख्या आराखड्यात लिहून घ्यावी. तिच्याखाली पाळणाघराची मागणी, खोली क्रमांकासकट. इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय सही करू नका.